वास येत नाही

नव्या घराची हवा तपासायच्या फॉर्ममध्ये पंधरा रकाने असतात. त्यातले चौदा मीटर भरतं. धूळ किती, ओल किती, कोंडलेली हवा किती, रंगातून नि गोंदातून निघणाऱ्या वाफा किती, हे सगळं पडद्यावर आकड्यांत उमटतं आणि तपासनिसाने ते नुसतं उतरवून घ्यायचं. पंधरावा रकाना मात्र माणसासाठी राखलेला आहे. तिथे छापलंय, 'तपासनिसाला वास येतो / येत नाही'. नको असेल ते खोडायचं आणि खाली सही ठोकायची.

हा रकाना मानकांत ज्याने कोणी घातला तो माणूस शहाणा असला पाहिजे. मीटरला जेवढं शिकवलंय तेवढंच कळतं, नाकाला न शिकवलेलंही कळतं. म्हणून नियम असा की घर आदल्या संध्याकाळपासून खिडक्या-झडपांसकट बंद ठेवायचं. सकाळी तपासनिसाने आत जायचं, मीटर चालू करायच्या आधी खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि एक श्वास घ्यायचा. पहिलाच श्वास खरा, कारण पाच-सात मिनिटांत नाक सरावतं आणि मग त्याला काही म्हणजे काही कळत नाही. वास आला, तर हवेतल्या वाफा शोषून धरणारी कोळशाची नळी दिवसभर त्या खोलीत टांगायची, प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि अहवाल येईपर्यंत घराचा दाखला अडकवून ठेवायचा. वास आला नाही, तर नळीची भानगड नाही. दाखला मोकळा.

या पंधराव्या रकान्यावर जिने आयुष्य काढलं, तिला सगळे नाकबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. नाक तसं काही बघण्याजोगं नव्हतं. बसकं, शर्टाच्या गुंडीएवढं. पण ती गुंडी दारातून आत आली की बांधकामवाले हातातलं काम ठेवून तिच्या मागे यायचे. "कपाटाला वेगळा गोंद लावलाय. कागदावर लिहिलाय तो हा नाही," ती उंबऱ्यातूनच सांगायची, आणि सुतार खाली बघायचा. एकदा तर तिने कोऱ्या करकरीत भिंतीपाशी थांबून गिलावा फोडायला लावला होता, आणि आत मेलेला उंदीर निघाला होता. बांधकामवाल्यांच्या नाकी नऊ यायचे आणि नाकबाईच्या नाकावर माशी बसायची नाही. टोपणनावाचा राग आल्याचं ती दाखवायची. मनातून तिला ते भारी आवडायचं.

अडीच वर्षांपूर्वी तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात गेले. नवव्या दिवशी उठून तिने दूध तापत ठेवलं आणि पाठ फिरवून भाजी चिरायला बसली. थोड्या वेळाने शेजारीण दार बडवायला लागली. "अहो, जळतंय काय तुमच्याकडे?" नाकबाईने वळून पाहिलं, तर पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, स्वयंपाकघरात धूर दाटला होता आणि ती त्यातच बसून दुधी चिरत होती. शेजारीण गेल्यावर तिने साबण हुंगला, लसूण ठेचून हुंगला, फिनेलची बाटली थेट नाकाला लावली. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कदाचित येईल, कदाचित नाही. वर्षभर वाट बघा." तिने वाट बघितली. रोज सकाळी दात घासायच्या आधी साबणाची वडी आणि लवंगांची डबी घेऊन ती खिडकीशी बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी 'कदाचित' म्हणायचं बंद केलं.

ऑफिसात सांगायला हवं होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. दरवर्षी तपासनिसांचे डोळे तपासतात, रक्तदाब बघतात, नाक कोणीच बघत नाही. सांगितलं असतं तर फार तर जुन्या फायलींच्या खोलीत टेबल मिळालं असतं. पण तिची जीभ रेटली नाही, आणि ती टेबलासाठी नव्हे. तिला लाज वाटायची. पांगळ्याला पायाची लाज वाटत नाही, तर तिला नाकाची वाटायचं खरं तर कारण नव्हतं. पण सगळी ओळख त्या एका गुंडीवर उभी होती. नाक गेलेली नाकबाई! कँटीनमध्ये हा विनोद किती दिवस पुरला असता, याचा हिशेब तिने कितीदा तरी केला होता.

शिवाय एक सोय होती, आणि ती सोय भाषेनेच करून ठेवली होती. 'वास येत नाही' हे वाक्य खोटं नव्हतं. खोलीत वास नसला तरी माणूस तेच म्हणतो आणि नाक मेलेलं असलं तरी तेच म्हणतो. सही करताना नाकबाई मनाशी म्हणायची, मी कुठे खोटं लिहिलंय? व्याकरणाच्या आड लपून सुटणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यांत एकीची भर पडली.

अगदीच डोळे मिटून ती सह्या करत होती असं नाही. ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर निवृत्तीला टेकलेला, बोलघेवडा माणूस होता. "जरा आत या, ही टेप धरा," असं म्हणून ती त्याला घेऊन आत शिरायची आणि पहिल्या श्वासाला त्याच्या तोंडाकडे बघायची. त्याने नाक मुरडलं की हिने कपाळाला आठी घालायची. "येतोय ना हो वास?" ती दरडावून विचारायची. "येतोय बाई! तुमच्यापासून काय लपणार!" तो म्हणायचा. असं तिचं नाक अडीच वर्षं दुसऱ्याच्या तोंडावर चाललं.

फेब्रुवारीतल्या एका गार सकाळी ड्रायव्हर रजेवर होता. त्या दिवशी शहराबाहेरच्या टेकडीखालच्या सहा घरांची तपासणी होती. ती घरं बघून कोणीही खूश व्हावं. मातीच्या विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी, आणि छताला जुन्या लाकडाच्या रुंद तुळया. "एक झाड तोडलं नाही, बाई," बांधकामवाला प्रत्येक खोलीत सांगत होता. "सगळं लाकूड जुनं. तासून, घासून, तेल-पाणी करून लावलंय." माणूस लबाड नव्हता. त्याला खरंच अभिमान वाटत होता. नाकबाई सहाही घरांत मधोमध उभी राहिली, सहा वेळा छाती भरून श्वास घेतला आणि सहा फॉर्मवर 'येतो' खोडलं. मीटरचे चौदाही आकडे प्रमाणात होते. पंधराव्याची सही करताना हात अंमळ थांबला, पण थांबला तेवढाच.

ओळीतलं तिसरं घर तिच्या धाकट्या बहिणीने घेतलं. घेताना इतर कोणाला विचारलंही नाही. "ताईने पास केलंय," एवढंच ती सगळ्यांना सांगत सुटली.

जूनच्या सुरुवातीला धाकटीचा फोन आला. "ताई, रविवारी येशील का? आप्पांचं काहीतरी बिनसलंय."

आप्पा म्हणजे धाकटीचे सासरे. शहात्तर वर्षांचे, ताठ कण्याचे. छत्तीस वर्षं रेल्वेत रूळ तपासायचं काम केलेला माणूस. रोज पंधरा-वीस किलोमीटर रुळांवरून चालायचं, लांब दांड्याच्या हातोडीने ठोकत जायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा.

"काय होतंय त्यांना?"

"त्यांना रुळांचा वास येतो."

"कसला?"

"रुळांचा गं, रेल्वेच्या. दुपारी खोलीत बसले की येतो म्हणतात. डोकं दुखतं, खोकला येतो, मग बाहेर पायरीवर जाऊन बसतात, भर उन्हात. आम्ही डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आठवणींचा आजार असा सुरू होतो कधीकधी. नसलेले वास येतात, जुन्या कामात मन जातं."

नाकबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्हाला येतो का तो वास?"

"आम्ही दुपारी असतो कुठे घरी? सकाळी आठला जातो ते सातला येतो. आल्या आल्या खिडक्या उघडतो. सुरुवातीला यायचा थोडा, नव्या घराचा येतोच की. आता मला तर काही येत नाही." मग धाकटी हसली. "आणि असता तर तुला आला नसता का? म्हणून तर म्हणते, तू येऊन सांग. आमचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

रविवारी दुपारी ती गेली. ऊन नुसतं ओतत होतं. बाहेरून आल्यावर जाड भिंतींचं घर सुरुवातीला गार लागलं, पण मागच्या बाजूची आप्पांची खोली छताकडून तापली होती. आप्पा पलंगावर बसले होते. समोर स्टुलावर गोळ्यांचं पाकीट होतं. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या, नाकबाई! आता बरं झालं. यांच्यात कोणाला नाकच नाही." ते सरकून बसले. "आपण दोघं एका धंद्यातले. मी कानाने तपासायचो, तुम्ही नाकाने. सांगा यांना."

धाकटी आणि तिचा नवरा दारात उभे होते. नाकबाईला उगाच वर बघावंसं वाटलं आणि तिची नजर तुळईवर गेली. तुळई रंगाने मधासारखी दिसत होती, पण तिच्यात गोल बुचं मारलेली होती. दोन इकडे, दोन तिकडे, मधे साडेतीन हात जागा, पुढच्या तुळईला तशीच, त्यापुढच्या तुळईलाही. लाकडात कुजलेली गाठ असली की सुतार बूच मारतो. पण गाठी अशा रांगेत येत नाहीत. ही मोठ्या खिळ्यांची भोकं होती. रुळांखाली आडवे टाकतात ते लाकडाचे स्लीपर तासून या तुळया केल्या होत्या, आणि स्लीपर वर्षानुवर्षं टिकावे म्हणून काळ्या डांबरी तेलात मुरवलेले असतात. तासल्यावर वरचा काळा थर जातो. आत मुरलेलं तेल कुठे जाणार? फेब्रुवारीतल्या गारठ्यात ते गप्प बसलं असेल. आता छत तापल्यावर ते खोलीत उतरत होतं, आणि रोज दुपारी तिथे एकच माणूस बसलेला असायचा. बाकीच्यांची नाकं सरावली होती, आणि हा वास ओळखणारा तो एकटाच होता.

हे सगळं तिला कळायला फार तर चार श्वास लागले. त्या चारही श्वासांत तिला कसलाही वास आला नाही.

"येतो की नाही?" आप्पांनी विचारलं.

तिने डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. कशासाठी घेतला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. येतो म्हणावं, तर फेब्रुवारीत काय झालं होतं हा प्रश्न पुढच्याच क्षणी आला असता. आणि तुळयांचं बोलावं तरी तोच आला असता.

"मला वास येत नाही, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांचा चेहरा एकदम पडला नाही. त्यांनी आधी मान हलवली, ऐकू नीट आलं नसल्यासारखी. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. "असं होय," ते म्हणाले. "मग माझंच बिघडलं असेल."

"बिघडलं-बिघडलं काही नाही, आप्पा," धाकटीचा नवरा पुढे येऊन म्हणाला. "गोळ्या वेळेवर घेतल्या की होईल ठीक." त्याच्या आवाजात सुटका होती. वडील हट्ट सोडताहेत याचं बरं वाटत होतं त्याला. त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. त्याने घरातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाचा शब्द मानला होता.

निघताना धाकटीने फाटकापाशी सांगितलं, "आता त्यांच्याकडून घराची किल्ली काढून घेतलीये. एकटे लांब फिरायला जातात, रस्ता चुकले तर? डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, आपण कुठे आहोत विचारलं. सगळं बरोबर सांगितलं त्यांनी, पण रडवेले झाले होते. घरी येऊन जेवले नाहीत." तिने बहिणीचा हात धरला. "तू आलीस, बरं झालं."

नाकबाई बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि तीन बसेस सोडल्या. आजवर फॉर्मवर जे काही केलं ते कागदावर होतं. कागदाला तोंड नसतं. आज तिने जिवंत माणसाच्या तोंडावर त्याचं खरं असलेलं खोटं पाडलं होतं, आणि तेही आपलं नाक वर राहावं म्हणून. तिथल्या तिथे मागे फिरावं असं वाटलं. चौथी बस आली तशी ती चढली.

पुढचे आठ दिवस तिने एक युक्ती काढण्यात घालवले. माणूस लाजेतून सुटायला जेवढं डोकं चालवतो तेवढं कशालाच चालवत नाही. युक्ती सोपी होती. 'उन्हाळ्यातली फेरतपासणी' असं काहीतरी कारण काढायचं, आप्पांच्या खोलीत कोळशाची नळी टांगायची आणि प्रयोगशाळेकडे पाठवायची. डांबरी तेलाच्या वाफा पकडल्या गेल्या असत्या यात शंकाच नव्हती. मग तुळया उतरवल्या जातील, आप्पांचा खोकला जाईल आणि पंधराव्या रकान्याकडे कोणाचं लक्षही जाणार नाही. उलट नाकबाईने चिवटपणे शोधून काढलं, असं म्हणतील. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली. पण युक्ती तिने टाकली नाही. दहा दिवसांत अहवाल येईल, एवढंच तर थांबायचं, असं ती स्वतःला समजावत राहिली.

दुसऱ्या रविवारी ती पिशवीत नळी घालून गेली. धाकटीने दार उघडलं ती हसतच. "अगं, गंमत सांगते. तू आल्यापासून फरक पडलाय. आप्पांचा वास गेला!"

आप्पा त्याच पलंगावर होते, पण टेकून. गोळ्यांनी डोळे जड झालेले. दाढी वाढली होती. रोज सकाळी सातला गुळगुळीत दाढी करणारा माणूस, पण त्या दिवशी गालांवर पांढरे खुंट होते. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर तेच ऊन, खोली तशीच तापलेली.

"काय म्हणता, आप्पा?" तिने विचारलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबेपर्यंत त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, मग तो घाईने उशीखाली सारला. "आता नाही येत वास. अजिबात येत नाही. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास दिला."

असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. आणि नाकबाईला कळलं की ते खोटं बोलताहेत. बाकी कोणाला कळलं नसतं. पण या एका खोट्यात तिचा हात धरणारं त्या शहरात कोणी नव्हतं. आवाज किती सपाट ठेवायचा, कुठे बघायचं, 'अजिबात' हा शब्द कुठे घालायचा, सगळं तिला पाठ होतं. त्या म्हाताऱ्याला वास येत होता, डोकं दुखत होतं, आणि तो घरच्यांना शहाणा वाटावा म्हणून ते गिळून बसला होता. ते त्याला तिने शिकवलं होतं.

"सरबत आणते," धाकटी म्हणाली. "ताई, तू आहेस म्हणून निभावतंय सगळं."

नाकबाईचा हात पिशवीत नळीवर होता. नळी टांगली असती, तर दहा दिवसांनी तुळया दोषी ठरल्या असत्या. पण हे दहा दिवस आप्पा याच खोलीत, याच गोळ्यांवर निजून राहिले असते. आणि अहवाल आल्यावरही त्यांच्या मनात राहिलंच असतं की नाक असलेल्या बाईला त्या दिवशी काही आलं नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मला वास येत नाही."

"हो गं," धाकटी दारातून म्हणाली. "त्या दिवशी सांगितलंस की. आता त्यांनाही येत नाही."

"तसं नाही." तिला वाटलं आपला आवाज फुटेल. फुटला नाही, बारीक झाला. "मला वासच येत नाही. कसलाच."

एका 'च'ने सगळं फिरलं. ते एक अक्षर उच्चारायला तिला अडीच वर्षं लागली होती.

धाकटीचा नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. "म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे ताप आला होता ना मला, तेव्हापासून माझं नाक गेलंय. दूध जळलेलं कळत नाही मला, फिनेल कळत नाही. या घराचा फॉर्म मी तसाच भरला. मागच्या रविवारी श्वास घेतला ते नाटक होतं." ती थांबली नाही, थांबली असती तर पुढचं आलं नसतं. "या तुळया रेल्वेच्या स्लीपरच्या आहेत. ती बुचं बघा, खिळ्यांची भोकं आहेत ती. आत डांबरी तेल मुरलंय, दुपारी छत तापलं की बाहेर येतं. आप्पांना येतो तो वास रुळांचाच आहे. त्यांचं काहीही बिघडलेलं नाही. मला हे त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी गप्प बसले."

धाकटीचा नवरा मान वर करून बुचं मोजायला लागला, एक, दोन, जणू त्यातच तोंड लपवता येईल. धाकटी तशीच उभी होती. बहिणीकडे तिने आयुष्यात कधी असं पाहिलं नव्हतं.

आप्पा सावकाश उठून बसले. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. "मला वार विचारला होता त्या डॉक्टरांनी," ते म्हणाले. "मंगळवार होता. मी मंगळवारच सांगितला होता."

"हो, आप्पा," मुलगा म्हणाला. मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. देताना तोही खालीच बघत होता.

मग आप्पा नाकबाईकडे वळले. "कानात दडे बसले की मी साहेबाला सांगायचो, आज दुसऱ्याला पाठवा, मला आवाज लागणार नाही. त्या रुळांवरून गाडी जाते, तीत माणसं असतात." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "मला एकटं गाठून तरी सांगायचं होतंत. मी कोणाला बोललो नसतो. मी रोज रात्री देवाला विचारत होतो, माझं डोकं जाण्याआधी मला ने."

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द किती तोकडे आहेत हे म्हणतानाच कळलं, पण दुसरे नव्हते.

धाकटीने सगळ्या खिडक्या उघडल्या, धाडधाड. "यांचा पलंग पुढच्या खोलीत घ्यायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच." नाकबाई मदतीला पुढे झाली, पलंगाच्या कडेला हात लावला.

"राहू दे, ताई," धाकटी म्हणाली.

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. नाकबाईने हात काढून घेतला आणि भिंतीशी उभी राहिली, शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तशी. वय त्रेपन्न, नोकरी एकोणतीस वर्षांची, आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आप्पा तिच्याकडे बघत होते. "पलंग जड आहे, तिघं लागतील," ते म्हणाले. मग तिला म्हणाले, "धर ती बाजू. नाक गेलंय ना? हात तर आहेत." छत्तीस वर्षं रुळांवरच्या मजुरांच्या गँगशी बोलायचे तसेच बोलले. त्यांनी तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं. त्यात माफी होती की हुकूम, ते तिला कळलं नाही. तिने बाजू धरली.

पलंग पुढच्या खोलीत लागल्यावर आप्पा त्यावर बसले नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले. "ही घरं सहा आहेत," ते म्हणाले.

"उद्या सकाळी ऑफिसात जाऊन सांगते, आप्पा. सहाही दाखले थांबवायला लावते. आणि बाकीचीसुद्धा." बाकीची म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. ज्या दिवशी ड्रायव्हर सोबत नव्हता असे दिवस तिला आठवायचे होते, एकेक करून.

"उद्या ऑफिसात सांग," आप्पा म्हणाले. "इथे आत्ता सांग. बाजूच्यांकडे तान्हं मूल आहे. त्यांचा पाळणा मागच्याच खोलीत असतो, मला खिडकीतून ऐकू येतं."

धाकटी म्हणाली, "मी नाही येणार. मी काय तोंड दाखवू त्यांना? मीच सांगितलं होतं, ताईने पास केलंय म्हणून."

"मी जाते," नाकबाई म्हणाली.

दोन घरांच्या मधे चार पावलांची वाट होती. ती उन्हात उभी राहिली आणि पदराने चेहरा पुसला. मनात वाक्य जुळवायला लागली, आणि प्रत्येक वाक्य कुठून तरी निसटायला वाट शोधत होतं. उन्हाळ्यात लाकूड असं वागतं... मीटरच्या मर्यादा असतात... फेरतपासणीत असं लक्षात आलंय की... ती सगळी तिने टाकून दिली. मागे धाकटीच्या दारात आप्पा येऊन उभे राहिल्याचं तिला जाणवलं, पण ते पुढे आले नाहीत.

तिने घंटा दाबली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग पावलं. दार उघडलं. विशीतली बाई होती, खांद्यावर झोपाळलेलं मूल, केस विस्कटलेले. दुपारची मोडलेली झोप तोंडावर होती, तरी नाकबाईला बघून ती मनापासून हसली.

"तुम्ही ना? ओळखलं मी! तपासायला आलात तेव्हा बाहेरून बघितलं होतं तुम्हाला. या ना, आत या." तिने दार सताड उघडलं. "आमचा अजून निर्णय होत नव्हता हो. यांना दुसरं घर आवडलं होतं. मीच म्हटलं, बाळ यायचंय, इथली हवा या बाईंनी बघितलीये, आपण हेच घेऊ."

बाळाने मान वळवली आणि ते खोकलं, लहानसं, पण मोठ्या माणसासारखं.

"बाळाला घेऊन आधी बाहेर या," नाकबाई म्हणाली. "मी सांगते ते इथे बाहेरच ऐका."